सुट्या दुधाचा रतीब कायद्यात बसवून कसा घालायचा

मागच्या आठवड्यात आमच्याच भागातल्या एका पोराचा फोन आला. चार म्हशी घेतल्यात, डेअरीला घालून हिशेब जुळत नाही, शहरात घरोघरी रतीब सुरू करायचाय, पण मित्र म्हणतो सुटं कच्चं दूध विकणं बेकायदा आहे, पिशवीतलंच विकावं लागतं, नाहीतर धाड पडते. अर्धा तास बोललो त्याच्याशी, मग वाटलं एकदा लिहूनच ठेवावं, कारण हा प्रश्न वर्षातनं चार-पाच जण तरी विचारतात आणि बहुतेकांची भीती भलत्याच ठिकाणी असते. कागदाला घाबरतात, जो शंभर रुपयात होतो, आणि कॅनच्या झाकणाला कोणी घाबरत नाही.

माझा गोठा साताऱ्याजवळ आहे. सात एचएफ क्रॉस (होल्स्टीन ह्या विदेशी जातीच्या संकरित) गायी, चार म्हशी, रोज पन्नास-साठ लिटर शहरात रतीबाला जातं, उरलेलं डेअरीला. वकील नाही, डॉक्टर नाही, पण हा धंदा रोज दोन वेळा करतो.

तर पहिली गोष्ट, आपल्याकडं कच्चं दूध विकायला बंदी नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, तो प्रत्यक्षात ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला, आणि त्याच्या नियमांत गायीचं, म्हशीचं, शेळीचं दूध कसं असलं पाहिजे ते दिलंय, पण पाश्चराइज केल्याशिवाय विकू नका असं काही म्हटलेलं नाही. बंदी बाहेरच्या देशांत आहे. स्कॉटलंडनं १९८३ ला कच्च्या दुधाची विक्री बंद केली, कॅनडानं १९९१ ला. अमेरिकेत एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात विकायला १९८७ पासून बंदी, आणि राज्याच्या आत प्रत्येकाचा कायदा निराळा, म्हणजे न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला तिथं कच्चं दूध विकत मिळत नाही आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात परवानाधारक फार्मवर मिळतं. त्या बातम्या व्हॉट्सॅपवर फिरत फिरत आपल्याकडं येतात आणि लोकांना वाटतं इथंच बंदी आली.

आता अन्न सुरक्षा कायद्याखालच्या नोंदणीचा कागद कसा काढायचा ते बघू.

तुम्ही जर सहकारी दूध सोसायटीचे सभासद असाल आणि सगळंच्या सगळं दूध सोसायटीला घालत असाल तर तुम्हाला नोंदणीतनं सूट आहे. इथं 'सगळं' हा शब्द महत्त्वाचा आहे. माझ्यासारखं निम्मं डेअरीला आणि निम्मं रतीबाला केलं की सूट संपली. काही जण दुसरा मुद्दा काढतात की कायद्याच्या कलम १८ मध्ये शेतकऱ्याला आणि शेतावरच्या कामाला हा कायदा लागू नाही असं म्हटलंय. म्हटलंय, खरं आहे. पण तुम्ही गाडीला कॅन बांधून शहरात दारोदार जाताय, त्यात शेजाऱ्याचं दहा लिटरपण घेताय, तर तुम्ही नुसते शेतकरी राहिला नाहीत, दूध विक्रेते झालात. हा वाद सकाळी सहा वाजता नाक्यावर अधिकाऱ्याशी घालायचा का शंभर रुपये भरायचे, तुमचं तुम्ही ठरवा. मी भरले.

छोट्या धंद्याला 'नोंदणी' असते आणि मोठ्याला 'परवाना', हे दोन वेगळे आहेत. २०११ च्या नियमांत नोंदणीची हद्द अशी ठेवली होती की वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत आणि दूध दिवसाला ५०० लिटरपर्यंत. त्याच्या वर गेलं की राज्याचा परवाना, आणि दिवसाला ५०,००० लिटरच्या वर केंद्राचा. लोक ५०० लिटर वाचून निवांत होतात, मी कुठं ५०० लिटर विकतोय म्हणून, पण उलाढालीचं गणित करून बघा, ६० रुपये भाव, रोज ५५ लिटर, ३६५ दिवस, झाले १२ लाख ४ हजार ५००. म्हणजे पाच-सहा म्हशींचा माणूससुद्धा त्या आकड्याच्या पुढं जातो. ह्या मर्यादा सरकार बदलत असतं, म्हणून माझा आकडा पाठ करू नका, अर्ज भरायच्या दिवशी साइटवर जी मर्यादा दिसेल ती धरा.

ही अन्न प्राधिकरणाची (एफएसएसएआय) साइट, नाव फॉस्कॉस, २०२० च्या शेवटापासून सगळे अर्ज तिथंच होतात. नोंदणीसाठी फॉर्म ए, स्वतःचा फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, एवढंच. फी २०११ च्या नियमांत वर्षाला १०० रुपये ठेवली होती, काही वर्षांचे एकदम भरता येत असतील तर भरून टाका, दरवर्षी कोण लक्षात ठेवणार. मी पहिल्यांदा केलं तेव्हा एका एजंटाकडं गेलो होतो, त्यानं १८०० रुपये घेतले, वर मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. त्यामुळं पुढचे सगळे मेसेज त्यालाच आणि नूतनीकरणाच्या वेळी परत त्याच्याच दारात. नंबर आणि ईमेल तुमचाच टाका, एवढं एक जरी ह्यातनं घेतलंत तरी बास.

अर्ज गेला की सात दिवसांत नोंदणी देतात, किंवा कारण देऊन नाकारतात, किंवा पाहणीची नोटीस देतात. पाहणी असेल तर तीस दिवस. ह्या मुदतीत काहीच कळवलं नाही तर छोट्या व्यावसायिकानं धंदा सुरू करायला हरकत नाही असं नियमच म्हणतो. चौदा आकडी नंबर मिळतो. प्रमाणपत्र गोठ्यात लावा, एक कॉपी लॅमिनेट करून गाडीत ठेवा आणि महिन्याच्या बिलावर किंवा रतीबाच्या कार्डावर तो नंबर छापा. ताज्या दुधावर जीएसटी नाही, त्याची काळजी नको. गोठा शहराच्या हद्दीत असेल तर मात्र नुसत्या ह्या कागदावर भागत नाही, शहरी भागात जनावरं पाळण्यावर १९७६ चा वेगळा कायदा आहे, तो जिथं लागू आहे तिथं त्याचं लायसन्स वेगळं लागतं.

आणि माप. हे लोक विसरतातच. लिटरचं, अर्ध्या लिटरचं माप वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं पाहिजे आणि दर दोन वर्षांनी परत तपासून शिक्का मारून घ्यायचा. पत्र्याचा डबा कापून केलेलं माप चालत नाही, भले त्यात लिटरभरापेक्षा जास्त बसत असेल. ओतताना फेस मापात धरू नका, गिऱ्हाईक बोलत नाही पण बघतं सगळं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. हा चौदा आकडी नंबर म्हणजे तुमचं दूध चांगलं असल्याचं सर्टिफिकेट नाही. तुम्ही कोण आणि कुठं सापडाल एवढंच तो सांगतो. काही जण गाडीवर मोठ्या अक्षरात 'सरकारमान्य शुद्ध दूध' असं रंगवतात, तसलं करू नका. तसंच ए-टूचं, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या प्रकारावरनं दूध भारी असल्याचा दावा. २१ ऑगस्ट २०२४ ला अन्न प्राधिकरणानं सांगितलं होतं की दुधावरनं ए-वन, ए-टू असले दावे काढा, आणि पाचच दिवसांत, २६ तारखेला, ते पत्र मागं घेतलं. म्हणजे ते एवढं कच्चं प्रकरण आहे. देशी गाय आहे तर 'देशी गायीचं' म्हणा आणि खरंच देशी असू द्या.

आता दर्जाचे आकडे. गायीच्या दुधाला फॅट किमान ३.२ टक्के आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.३, म्हशीला फॅट ५ आणि एसएनएफ ९. दोन्ही एकत्र केलं तर ते 'मिश्र दूध', त्याला ४.५ आणि ८.५, आणि ते मिश्र म्हणूनच विकायचं, म्हशीचं म्हणून नाही. पाणी घातलेलं दूध विकायला सरळ मनाई आहे, किती टक्के वगैरे काही नाही, घातलं की संपलं. पण गोम अशी आहे की पाण्याचा थेंब न घालताही तुमचं दूध ह्याच्या खाली येऊ शकतं. एचएफ गाय, नुसता हिरवा चारा, पावसाळा, फॅट ३ वर येतं आणि नमुना 'कमी दर्जाचा' म्हणून परत येतो, आणि त्या कलम ५१ ला दंड पाच लाखांपर्यंत आहे. पाच लाख कोणी छोट्या माणसाला लावत नाही, पण जो लागतो तोही एका म्हशीचा खुराक खाऊन जातो. म्हणून एकेका गायीचं दूध वेगवेगळ्या किटलीत शहरात नेऊ नका, सगळ्या गायींचं एकत्र करून मग भरा, कडबा-वैरण पोटात जाऊ द्या, आणि पंधरा दिवसांनी डेअरीच्या मशिनवर फॅट-एसएनएफ काढून वहीत लिहा. शेवटच्या धारांत फॅट जास्त असतं, म्हणून कास पूर्ण मोकळी करा, वासराला पाजायचं तर आधी पाजा.

नुसत्या लॅक्टोमीटरवर, म्हणजे दूध जड का हलकं ते दाखवणाऱ्या नळीवर, विसंबू नका, तो एकटा फसवतो. मलई काढली की दूध जड होतं, पाणी घातलं की हलकं, दोन्ही केलं की लॅक्टोमीटर खुश.

एवढा झाला कायदा. पण कच्च्या दुधात खरा कायदा गोठ्यात पाळायचा असतो, कारण पिशवीतलं दूध ७२ डिग्रीला १५ सेकंद किंवा ६३ ला अर्धा तास तापून आलेलं असतं, आधी काही गडबड झाली असली तरी तिथं बरीचशी मरते. आपल्या दुधाला मध्ये कोणी नाही. सडातनं निघालं, तुमच्या हातातनं गेलं, गिऱ्हाइकाच्या पातेल्यात पडलं.

धार काढायच्या आधी झाडू मारू नका, धूळ तासभर हवेत राहते. कोरडा कडबा आणि मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) धारेनंतर टाका, मुरघासाचा वास दुधाला लागतो. शेपूट बांधा. कास धुवायची तर थोड्या पाण्यानं आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसायची, प्रत्येक जनावराला वेगळं फडकं. ओली कास सगळ्यात वाईट, ते मळकं पाणी ओघळून सडाच्या टोकाला येतं आणि पहिल्या धारेबरोबर बादलीत. हात साबणानं धुवा, बोटं दुधात बुडवून धार काढायची सवय सोडा, आमच्या आज्ज्याची होती, मलापण होती.

पहिल्या दोन-तीन धारा बादलीत नाही, काळ्या वाटीत. मी जुन्या काळ्या फरशीचा तुकडा वापरतो, तळहाताएवढा. त्यावर धार मारली की पांढरं दूध पसरतं आणि त्यात काही बारीक चुन्याच्या कणीसारखं, दह्याच्या चिरेसारखं दिसलं तर त्या सडाला दगडी, म्हणजे कासेचा रोग (मस्टायटिस), सुरू झालीय समजायचं. बाहेरनं कास लाल नसते, सूज नसते, गाय निवांत रवंथ करत असते, पण फरशी सांगते. असं दूध वेगळं काढा, सगळ्यात शेवटी, आणि हात धुऊन मगच दुसरं काम. आठवड्यातनं एकदा सीएमटीचं (दगडी ओळखायच्या चाचणीचं) औषध वापरा, चार खणांची ट्रे असते, चार सडांचं दूध चार खणांत, तेवढंच औषध, गोल फिरवायचं, ज्या खणात जेलीसारखं घट्ट होईल तो सड दुखतोय. धार मुठीनं काढा, अंगठा दुमडून ओढून नाही. झाल्यावर आयोडिनच्या द्रावणात सड बुडवा आणि जनावराला वैरण टाकून अर्धा तास उभं ठेवा, सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं, लगेच शेणात बसली तर आयोडिनचा काय उपयोग.

व्यायल्यानंतरचा चीक दुधात मिसळायचा नाही, नियमातसुद्धा दूध म्हणजे चीक सोडून. खरवसासाठी मागणारे असतातच, त्यांना वेगळा द्या.

आता भांडी, आणि इथं माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका आठवड्यात नऊ घरांतनं फोन, दूध तापवताना फाटलं. मी आधी गायीला दोष दिला, मग सरकी पेंडीला, मग उन्हाला, पेंड बदलली, पाणी बदललं, तरी दोन घरं रोज. आणि फाटत होतं ते एकाच कॅनमधलं. कॅन तर चकचकीत, स्टीलचा, रोज गरम पाण्यानं धुतलेला. मग बायकोनं झाकणाचं रबरी वायसर स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं तर खाली पिवळट, चिकट, चीजसारखा थर, नखानं खरवडला तर असा वास की म्हशीनंसुद्धा मान फिरवली. विकत घेतल्यापासून ते वायसर कधी निघालंच नव्हतं. रोज त्या थरातनं साठ लिटर दूध ओतत होतो मी, गाळून, फडक्यानं, मोठ्या स्वच्छतेनं.

तेव्हापासूनचा क्रम सांगतो. कॅन रिकामा झाला की आधी साध्या गार पाण्यानं खळबळा, गरम नाही, गरम पाण्यानं दूध भांड्याला चिकटतं. मग गरम पाणी आणि डेअरीची धुण्याची पावडर, ब्रशनं, वायसर काढून. मग उकळतं पाणी. मग उलटा करून उन्हात, जाळीवर, जमिनीवर नाही. आठवड्यातनं एकदा अॅसिडचं वॉश, नाहीतर आतनं दुधाचा पांढरा खडा धरतो. राख, माती, नारळाची शेंडी बंद. प्लॅस्टिकचे जुने ड्रम तर अजिबातच नको, त्यात आधी काय होतं देव जाणे. गाळायचं फडकं रोज उकळायचं, आणि गाळल्यानं दूध दिसायला स्वच्छ होतं, जंतू फडक्यातनं आरामात जातात, हे डोक्यात ठेवा.

मग घड्याळ. सडातनं दूध ३८-३९ डिग्रीला निघतं. ताज्या दुधात निसर्गानं दिलेला थोडा प्रतिकार असतो, दोनेक तास जंतूंना दमानं घेतो, नंतर उन्हाळ्याच्या दिवसांत अर्ध्या तासाला दुप्पट असा हिशोब चालू होतो. म्हणून दोनच रस्ते. एक, धार काढल्यापासून दोन तासांत शेवटच्या घरी दूध पोचलंच पाहिजे. दुसरा, लगेच ४ डिग्रीपर्यंत गार करा. चिलर परवडत नसेल तर सिमेंटच्या टाकीत गार पाणी, कॅन गळ्यापर्यंत बुडवायचा, मधूनमधून दूध ढवळायचं, टाकीत बर्फ टाकला तर अजून चांगलं. बर्फ बाहेर. दुधात बर्फ टाकणारे बघितलेत मी, एकतर ते पाणी घालणंच झालं, आणि तो बर्फ बहुतेक वेळा खायचा नसतोच, म्हणून तर आपल्या राज्यात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायला लावला. संध्याकाळचं दूध सकाळच्यात मिसळून देऊ नका. सोडा, पेरॉक्साइड, फॉर्मॅलिन घालून दूध टिकवणाऱ्यांशी मला काही बोलायचं नाही.

जनावरांचे रोग. ह्यात दोन असे आहेत की जनावर दिसायला ठणठणीत आणि दुधातनं रोग माणसाला, क्षय आणि ब्रुसेला. ब्रुसेला म्हणजे सांसर्गिक गर्भपात, गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते. पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्ताची तपासणी होते, रतीबाच्या प्रत्येक जनावराची करून घ्या, क्षयाचीपण टोचून चाचणी असते. ब्रुसेलाची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदा. २०१९ पासून लाळ्याखुरकूत आणि ब्रुसेला ह्या दोन रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यात ही लस फुकट मिळते, टॅगचा बारा आकडी नंबर घालून नोंद होते. कालवड चार महिन्यांची झाली की दवाखान्यात सांगून ठेवा, वय उलटलं की मग नाही देत. आणि गाभडलेल्या गायीची वार (जार) उघड्या हातानं ओढू नका, महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी घेऊन फिरणारे गोठेवाले ह्याच कारणानं असतात. तपासणीत सापडली तर तिचं दूध रतीबातनं कायमचं बंद. पान्हा सोडायला ऑक्सिटोसिन हे हार्मोनचं इंजेक्शन टोचणाऱ्यांनी हा लेख इथंच बंद करावा.

औषधं. दगडीला सडात ट्यूब सोडली, इंजेक्शन दिलं की दूध किती दिवस बाजूला ठेवायचं ते लेबलवर असतं. लेबलवर दिलं नसेल तर नियम किमान सात दिवस म्हणतो. सात दिवस एका गायीचं दूध ओतून द्यायचं जिवावर येतं, मला माहीत आहे, पण डेअरीच्या टँकरमध्ये ते हजारो लिटरमध्ये मिसळतं आणि तुमच्या कॅनमध्ये ते निम्मं दूध असतं, तेच दूध एकाच पोराच्या पोटात रोज जातं.

आणि बुरशी. लोक युरिया, डिटर्जंट, भेसळ ह्याबद्दल भांडतात, पण २०१८ च्या देशभरच्या दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांत भेसळीमुळं असुरक्षित फक्त १२ निघाले आणि अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त असलेले ३६८. हे अफ्लाटॉक्सिन बुरशी आलेल्या मक्यातनं, शेंगदाण्याच्या पेंडीतनं, भिजलेल्या सरकीतनं येतं, दुधात उतरतं, आणि उकळून जात नाही. मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. भिजलेलं पोतं 'जनावरालाच तर घालायचंय' म्हणून घालू नका. पोती लाकडी पाटावर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

आता गिऱ्हाईक. त्याला पहिल्याच दिवशी तोंडानं आणि कार्डावर सांगायचं, हे कच्चं दूध आहे, उकळी आणून घ्या. इंग्लंडात कच्चं दूध विकणाऱ्याला बाटलीवर लिहावंच लागतं की हे तापवलेलं नाही आणि ह्यात तब्येतीला घातक जंतू असू शकतात, आणि विक्री फक्त शेतकऱ्याकडनं थेट गिऱ्हाइकाला, मध्ये दुकान नाही. आपल्याकडं सुट्या दुधाला असं वाक्य छापायची सक्ती नसली तरी मी छापतो. त्यानं गिऱ्हाईक पळत नाही, उलट बायका म्हणतात निदान खरं तरी सांगतो.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे धारोष्ण दुधाचे भक्त. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात, पैलवानांची ती जुनी रीत, मीसुद्धा प्यायलोय आणि चव काय सांगू. पण धारोष्ण म्हणजे तापवलेलं नव्हे, ती ऊब म्हशीच्या अंगाची, जंतूला त्याहून चांगली ऊब नाही. मोठा पैलवान माणूस स्वतःच्या जिवावर पितो ते वेगळं, तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला, म्हाताऱ्याला, कॅन्सरचे किंवा किडनीचे उपचार चालू असलेल्याला कच्चं द्यायचं नाही, आणि घरात असं कोणी आहे हे कळलं तर तुम्ही आपणहून सांगायचं. दुसरी अडचण पंचामृत. श्रावणात, सत्यनारायणाला कच्चंच दूध मागतात, अभिषेकाला घाला की, पण जे तीर्थ म्हणून पोरांच्या हातावर द्यायचं त्यात उकळून गार केलेलं घाला असं मी सांगतो. एका काकूंनी मला धर्म शिकवला त्यावरनं, पुढच्या वर्षी मात्र गपचूप दोन वाट्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

पिशवीत किंवा बाटलीत सील करून द्यायचं असेल तर ते वेगळं प्रकरण, मग लेबल आलं, कोणतं दूध, कच्चं आहे हे, मापाचं प्रमाण, तारीख, कधीपर्यंत वापरायचं, पत्ता, नंबर, सगळं. सुरुवातीला ह्यात पडू नका. गिऱ्हाइकाचं पातेलं, तुमचं माप.

नमुना घ्यायला अधिकारी आले तर घाबरायचं नाही आणि पळायचं तर मुळीच नाही. मला सोसायटीच्या गेटवर थांबवलं होतं, पावणेसात वाजता, वरच्या मजल्यावरनं अर्धी सोसायटी बघतीय. ओळखपत्र बघा, सही करायच्या आधी नोटीस वाचा. नमुन्याचे चार भाग करतात, दुधात टिकायला फॉर्मॅलिनचे थेंब टाकतात, सील करतात आणि नमुन्याची किंमत तुम्हाला देतात, देणं बंधनकारक आहे. दोन गोष्टी तुम्ही बोलून मागायच्या. पहिली, नमुना घ्यायच्या आधी कॅन नीट ढवळू द्या, कारण तासभर उभ्या असलेल्या कॅनमध्ये फॅट वर येतं, तोटीतनं खालचं घेतलं तर तुमचंच दूध पातळ निघेल. दुसरी, चारातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी तुमची विनंती त्याच वेळी लेखी द्या, तो तुमचा हक्क आहे, त्याचा खर्च तुमचा. अन्न विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांत यायचा असतो, विरोधात आला तर तीस दिवसांत अपील करता येतं, मग उरलेला भाग रेफरल लॅबला, म्हणजे फेरतपासणीच्या वरच्या प्रयोगशाळेला, जातो. ह्या तीस दिवसांत बरेच जण 'बघू' म्हणत बसतात आणि मग काही करता येत नाही.

त्या वेळी कामाला येते ती वही. माझी साधी दोनशे पानी आहे, गोठ्यातल्या खिळ्याला दोरीनं टांगलेली, शेणाचे डाग सगळे. तारीख, कोणत्या गायीला कोणतं औषध, कोणत्या तारखेपर्यंत दूध बंद, फॅट-एसएनएफ, पेंडीचं पोतं कधी फोडलं, वायसर कधी बदललं. अधिकाऱ्यानं पाच मिनिटं चाळली आणि विचारलं, ह्या आठवड्यात रतीब कमी का दिसतोय? म्हटलं चार नंबरच्या गायीला सोमवारी ट्यूब सोडलीय. त्या दिवशी अकरा घरांना अर्धा लिटर कमी गेलं होतं, मेसेज आदल्या रात्रीच टाकला होता, 'उद्यापासून आठवडाभर दूध कमी, गाय औषधावर आहे, पैसे तेवढेच कमी लावीन.' त्यातल्या दोघांनी त्या आठवड्यात दुसरा गवळी धरला. एक परत आला.